वंशावळ: झाड की जाळं?

धसई म्हटलं की अनेकांना डिसेंबर २०१६ आठवतो. मुरबाड तालुक्यातलं हे बाजाराचं गाव तेव्हा राज्यातलं पहिलं 'कॅशलेस' गाव म्हणून टीव्हीवर झळकलं होतं. माझं आजोळ त्याच बाजूला. मला मात्र धसई म्हटलं की एक चुकलेली वंशावळ आठवते. चूक माझीच. ती कशी झाली ते सांगते, म्हणजे मी पीएचडीत नेमकं काय करते हेही तुम्हाला कळेल.

आजोबा गेल्यावर वारस नोंद लावायची होती. तलाठ्याकडे वंशावळ द्यावी लागते. मामा म्हणाले, "तू कॉम्प्युटरचंच शिकतेस ना, मग तूच काढ." मी पणजोबांपासून सगळी नावं एका टेबलात भरली. प्रत्येक माणसाची एक ओळ आणि तिच्यात एक रकाना: 'वर कोण'. झाड साठवायची ही सगळ्यात सोपी पद्धत. प्रत्येक फांदीला आपलं खोड माहीत असलं की पुरतं.

छापलेला कागद बघून मावशी म्हणाली, "आणि मी कुठंय गं?"

आजोबांची मुलं चार: दोन मामा, आई आणि मावशी. कागदावर तीनच. मावशी दिली आहे आजोबांच्या बहिणीच्या मुलाला, म्हणजे ती नवऱ्याच्या मामाची मुलगी. आपल्याकडे यात नवल काहीच नाही. पण त्यामुळे पणजोबांच्या झाडात ती दोनदा आली, एकदा आजोबांची लेक म्हणून आणि एकदा काकांच्या घरात, मुलांची आई म्हणून. रकाना एकच असल्याने मी तिच्या दोन ओळी केल्या होत्या. मग दुबार नावं काढणाऱ्या माझ्या प्रोग्रॅमने शेवटची ओळ ठेवली आणि माहेरची उडवली.

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलगी वडिलांची वारस झाली, २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीतही तिला मुलाइतकाच हक्क मिळाला. गावाकडे बहिणींकडून हक्कसोड लिहून घेतात ते वेगळं, माझ्या प्रोग्रॅमने तर न विचारताच घेतली.

आता मुद्द्याकडे येऊ. झाडाचा नियम एकच: प्रत्येकाच्या वर फक्त एक. म्हणून मुळापासून कुणापर्यंतही जायची वाट एकच असते. मावशीच्या मुलांकडे पणजोबांपासून दोन वाटा येतात, एक आजोबांकडून आणि एक आजोबांच्या बहिणीकडून. दोन वाटा आल्या की झाड संपलं, ते जाळं झालं. संगणकाच्या भाषेत ग्राफ.

हे हिशेबात कसं दिसतं बघा. समजा ४० गुंठे, एक मुलगा, एक मुलगी, प्रत्येकी २०. मुलाला पुढे एक मुलगा, एक मुलगी, १०-१०. मुलीला एकच मुलगा, त्याचे २०. या मुलाने मामाच्या मुलीशी लग्न केलं आणि त्यांना एकच अपत्य. (वडीलधारे आणि त्यांचे जोडीदार हयात नाहीत असं धरा, बाकी बारकावे वकिलांसाठी.) त्या अपत्याकडे २० अधिक १० म्हणजे ३० गुंठे यायला हवेत. फक्त बापाची रेघ धरणारं झाड २० च सांगेल.

जमिनीचंही तसंच. सर्व्हे नंबर ४५ ची पोटहिस्से ४५/१, ४५/२ अशी फोड होत गेली तोवर ते झाड आहे. पण १९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाच्या कायद्याने अनेक ठिकाणी वेगवेगळ्या नंबरांचे तुकडे जोडून गट केले. एका गटाच्या वर दोन-तीन जुने नंबर. झाड पुन्हा मोडलं.

मग काय वापरायचं? फुकट आणि खुल्या साधनांपुरतं बोलते. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये 'एल-ट्री' नावाची जोड मिळते. ती प्रत्येक ओळीत मुळापासूनची पूर्ण वाट लिहून ठेवते, ४५.२.१ अशी. '४५.२ च्या पोटात काय काय?' हे तिला झटकन सांगता येतं. पण एखादी फांदी हलवली की तिच्याखालची प्रत्येक वाट नव्याने लिहावी लागते. जिल्हा-तालुका-गाव अशा शांत उतरंडीला हे उत्तम.

निओफोरजे हा ग्राफ डेटाबेस. त्यात माणूस म्हणजे बिंदू आणि नातं म्हणजे नाव असलेली रेघ. एका बिंदूला कितीही रेघा. 'या दोघांमध्ये नातं काय?' असा किती पायऱ्या चढायच्या हे माहीत नसलेला प्रश्न त्याच्या सायफर भाषेत एका ओळीत मावतो. याच धाटणीची जीक्यूएल ही भाषा २०२४ मध्ये आयएसओचं मानकही झाली. पण तो मोकळेपणा महागही पडतो. नातवाला चुकून आजोबांचा बाप केलंत तरी तो गप्प बसतो. शिवाय 'हा रकाना रिकामा चालणार नाही' अशी सक्ती फुकटच्या कम्युनिटी आवृत्तीत नाही, ती पैसेवाल्या आवृत्तीत आहे.

माझं मत विचाराल तर एका गावासाठी वेगाची चिंता करूच नका. काही हजार ओळी कुठलंही साधन चुटकीसरशी चाळतं. मी पोस्टग्रेसमध्येच राहिले, फक्त 'वर कोण' हा रकाना काढून टाकला. आता एक टेबल माणसांचं आणि दुसरं नात्यांचं, ज्यात 'आई' आणि 'वडील' अशा वेगळ्या ओळी. पिढ्या चढायला रिकर्सिव्ह क्वेरी, जी पोस्टग्रेसमध्ये २००९ पासून आहे. नात्याचं चक्र झालं तर ते पकडायची सोय २०२१ च्या चौदाव्या आवृत्तीत आली. उद्या तालुक्यातली सगळी गावं, सोयरिकी आणि फेरफार एकत्र करायची वेळ आली तर मी ग्राफकडे जाईन. पोस्टग्रेस न सोडता सायफर वापरू देणारं अपाची एज तेव्हा आधी बघेन.

दुसरा कागद छापला तेव्हा मावशीने स्वतःचं नाव बोटाने शोधलं. नाव एकदाच होतं, आणि त्यातून दोन रेघा निघत होत्या, एक आजोबांकडे आणि एक काकांकडे. "ही खालची जाड का?" तिने विचारलं. प्रिंटरची शाई पसरली होती.