मार्केरियन ४२१ : झोत आपल्याच दिशेने

प्रकार : ब्लेझार. केंद्रातल्या महाकाय कृष्णविवराजवळून सुटणारा झोत जवळपास पृथ्वीकडेच रोखलेली सक्रिय दीर्घिका.

पत्ता : सप्तर्षी तारकासमूह, अंतर सुमारे ४० कोटी प्रकाशवर्षे.

टेरा-इलेक्ट्रॉनव्होल्ट किरणांची पहिली नोंद : १९९२, ॲरिझोनातील व्हिपल दुर्बीण. आकाशगंगेबाहेरचा, टेरा-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे गॅमा किरण देणारा हा पहिला ज्ञात स्रोत.

लहरीपणा : मे १९९६मधला एक भडका अर्ध्या तासात चढला आणि ओसरलाही. प्रकाशालाही दीर्घिका ओलांडायला हजारो वर्षे लागतात. म्हणजे हे किरण झोतातल्या अगदी छोट्या भागातून आले.

भारतातून : लडाखमधील हानले येथील २१ मीटर व्यासाची ‘मेस’ दुर्बीण, मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राची. अशा गॅमा किरणांमुळे वातावरणात उमटणारी क्षणिक निळसर चमक ती टिपते. उद्घाटन : ऑक्टोबर २०२४.