वाहन, व्रत आणि वहीखाते
जर्मनीच्या ऑटोबानवर अनेक टप्प्यांत आजही कायमस्वरूपी वेगमर्यादा नाही. म्हणूनच मर्सिडीज किंवा बीएमडब्ल्यूची घडण भरवेगातील स्थैर्यासाठी झाली. अमेरिकेत अंतरे लांब, रस्ते सरळ. तेथील वाहनांचा भर ऐसपैस जागेवर आणि भार ओढण्यावर. १९७७ पासून फोर्डची ‘एफ’ मालिका तेथील सर्वाधिक खपाचा पिकअप ट्रक ठरली आहे.

अमेरिकास्थित श्रावक कुटुंबाने केवळ खरेदीची किंमत पाहून भागत नाही. जर्मन आलिशान गाडीला बहुधा उच्च ऑक्टेनचे महाग पेट्रोल लागते, देखभाल खर्चिक असते आणि मूल्य लवकर घसरते. पिकअपची दुरुस्ती लहान गावातही होते, पुनर्विक्रीत किंमत बरी टिकते. इंधन मात्र अधिक जळते.

आसनांचा प्रश्न त्याहून मूलभूत. अहिंसाव्रतीला चामडे कसे चालावे? मर्सिडीजचे ‘आर्टिको’ आणि बीएमडब्ल्यूचे ‘सेन्साटेक’ हे कृत्रिम पर्याय आहेत. तरी स्टिअरिंगचे आवरण कशाचे, हे स्वतंत्रपणे विचारून घ्यावे.

परिग्रह-परिमाण व्रत वाहनाला मनाई करत नाही. मर्यादा आधी आखावी, इतकेच सांगते. ती घरी बसून, शोरूमची पायरी चढण्यापूर्वीच आखलेली बरी. हप्ता ठरल्यानंतर आखलेल्या मर्यादेला व्रत म्हणता येत नाही.