सरावासाठी रेखाटलेले जग

पाण्यात पडल्यावाचून पोहता येत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. पुष्कळ विद्यांच्या बाबतीत ते खरेही आहे; परंतु काही विद्या अशा आहेत की, त्यांत शिकाऊ माणसाची पहिली चूकच अखेरची ठरण्याचा संभव असतो. विमान उतरविणे, रणगाडा चालविणे, भर पावसात भरधाव वाहन आवरणे या त्यांपैकी होत. शिवाय येथे चुकीची किंमत शिकणारा एकटाच देतो असे नाही. रस्त्याच्या कडेने चालणाऱ्या निरपराध माणसालाही ती द्यावी लागते. म्हणून प्रत्यक्ष संकटात न पडता संकटाशी सामना करण्याची सवय कशी लावावी, हा प्रश्न निर्माण झाला. सिम्युलेटर, म्हणजेच खऱ्या वाहनाचे अनुकरण करणारे यंत्र, हे त्या प्रश्नाचे उत्तर होय. या यंत्राच्या खिडकीतून दिसणारे चित्र दीर्घकाळ अतिशय महाग होते. ते सामान्य प्रशिक्षणशाळेच्या आवाक्यात कसे आले, ते येथे पाहू या.

भात्यांवर चालणारे विमान

अमेरिकेतील बिंगहॅम्टन या शहरी एडविन लिंक हा तरुण वडिलांच्या ऑर्गन बनविण्याच्या कारखान्यात काम करीत असे. त्याला उड्डाणाचे वेड होते. इ. स. १९२९ मध्ये त्याने ऑर्गनचे भाते व हवेचे पंप वापरून एक लहानसे विमान तयार केले. ते जमिनीवरच राही. पण दांडा हलविताच कलत, डोलत व वळत असे. प्रारंभी करमणुकीचे साधन म्हणूनच लोकांनी त्याकडे पाहिले. पुढे १९३४ मध्ये अमेरिकेतील हवाई टपाल वाहण्याचे काम लष्करी वैमानिकांवर सोपविण्यात आले. धुक्यात व बर्फात केवळ उपकरणांवर विसंबून उडण्याचा सराव नसल्याने अल्पकाळातच दहाहून अधिक जण प्राणास मुकले. तेव्हा कोठे लष्कराने लिंकची सहा यंत्रे विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धात अशा हजारो यंत्रांवर वैमानिक तयार झाले.

या यंत्रात बाहेरचे दृश्य मुळीच नव्हते. शिकणाऱ्याने झाकण बंद करून काट्यांकडे पाहावयाचे, एवढेच. पुढे दृश्य दाखविण्यासाठी भूप्रदेशाची मोठी प्रतिकृती तयार करून तिच्यावरून दूरचित्रवाणीचा कॅमेरा फिरविण्याची युक्ती निघाली. शिकणारा दांडा वळवी तसा कॅमेरा वळे. पण प्रतिकृती संपली की जगही संपे. आणि ती उजळण्यास प्रखर दिव्यांच्या रांगाच्या रांगा लावाव्या लागत.

चित्र कसे तयार होते?

संगणकाने हा प्रतिकृतीचा पसारा नाहीसा केला. संगणकाच्या स्मरणात डोंगर, घर किंवा मोटार ही चित्ररूपाने नसते; तिच्या पृष्ठभागाचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याच्या कोपऱ्यांची स्थाने आकड्यांनी नोंदलेली असतात. पाहणाऱ्याचा डोळा कोठे आहे हे कळले की, भूमितीच्या नियमांनी ते तुकडे पडद्यावर कोठे उमटतील याचे गणित करता येते. जवळची वस्तू दूरच्या वस्तूस झाकते. म्हणून प्रत्येक चित्रबिंदूपाशी सर्वांत जवळचा तुकडा कोणता, हेही ठरवावे लागते. मग त्यावर प्रकाश, छाया व रंग यांचे संस्कार होतात.

हे गणित अवघड नाही. अवघड आहे ती त्याची घाई. पडद्यावर दहा लक्ष चित्रबिंदू आहेत आणि सेकंदाला तीस चित्रे दाखवावयाची आहेत, असे समजू. म्हणजे दर सेकंदास तीन कोटी बिंदूंचा रंग ठरवावयास हवा. शिकणारा चाक केव्हा व किती फिरवील, हे आधी ठाऊक नसल्याने चित्रपटाप्रमाणे सर्व चित्रे अगोदर तयार ठेवण्याची सोयही नाही. याच कारणाने हे काम प्रथम केवळ खास बनविलेल्या व अतिशय महाग यंत्रांना साधत असे.

काय वगळावे?

खर्च उतरण्याचे पहिले कारण म्हणजे विवेक. डेव्हिड एव्हान्स व आयव्हान सदरलँड यांनी १९६८ मध्ये अमेरिकेत यूटा येथे स्थापन केलेल्या संस्थेने १९७० नंतरच्या दशकात वैमानिकांसाठी जी दृश्ये तयार केली, त्यांत आरंभी फक्त रात्र होती. रात्री उतरणाऱ्या वैमानिकास धावपट्टीचे दिवेच तेवढे दिसतात. मोजके ठिपके काढणे संगणकास सोपे आणि वैमानिकास मात्र आवश्यक तेवढे सर्व मिळे.

हाच विचार १९८३ मध्ये सुरू झालेल्या सिम्नेट या योजनेत पुढे नेण्यात आला. अमेरिकेच्या संरक्षण संशोधन संस्थेची, म्हणजे डार्पाची, ही योजना होती आणि हवाई दलातील अधिकारी जॅक थॉर्प हे तिचे प्रवर्तक होते. रणगाड्यातील नायक, तोफची, दारूगोळा भरणारा व चालक या चौघांनी, तसेच अनेक रणगाड्यांच्या पथकांनी, एकमेकांशी मेळ राखून लढावयास शिकावे, हा तिचा उद्देश होता. तेव्हा या शिक्षणाला जे लागत नाही ते सोडून द्यावयाचे ठरले. ज्या कळांचे काम पडत नाही त्यांचे नुसते चित्र चिकटविले. यंत्र हलविण्याऐवजी ध्वनिवर्धकांनी घरघर व हादरे निर्माण केले. रणगाड्यातून बाहेर पाहण्याच्या फटी अरुंद असतात. त्यामुळे चित्रही लहान व जाडेभरडे चालले.

दूरदूरची यंत्रे जोडतानाही हीच काटकसर उपयोगी पडली. चित्र तारेवरून पाठवावयाचेच नाही. प्रत्येक यंत्राजवळ भूप्रदेशाची नोंद असे व इतर रणगाडे त्याच दिशेने व त्याच वेगाने पुढे जात आहेत, असे ते गृहीत धरी. एखाद्याने मार्ग बदलला, तरच त्याचा संदेश येई. १९९० च्या सुमारास अशी दोनशेंहून अधिक यंत्रे वापरात होती.

खेळण्यांचा हातभार

दुसरे कारण अनपेक्षित दिशेने आले. अटारी कंपनीच्या १९८० मधील ‘बॅटलझोन’ या रेषाचित्रांच्या रणगाडा-खेळाकडे अमेरिकी लष्कराचे लक्ष गेले व त्यावरून सरावाचे यंत्र करून पाहण्यात आले. पुढे खेळांच्या हौसेपायी घरोघरच्या संगणकांत चित्रगणित करणाऱ्या स्वतंत्र चिप बसू लागल्या. १९९६ मधील ‘वूडू’ आणि १९९९ मधील ‘जीफोर्स २५६’ या त्यांतील प्रसिद्ध होत. चिपची रचना करण्यास अफाट खर्च येतो. पण तो लक्षावधी ग्राहकांत वाटला गेला, म्हणजे एकेका चिपची किंमत उतरते. मूठभर लष्करी गिऱ्हाइकांच्या बळावर जे घडले नसते, ते मुलांच्या खेळाने घडविले.

आपले रस्ते

या स्वस्ताईचा लाभ केवळ सैन्याला नाही. भारतात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. केंद्र सरकारने वाहनचालकांच्या अधिस्वीकृत प्रशिक्षण केंद्रांसाठी केलेले नियम १ जुलै २०२१ पासून अमलात आले. त्यांनुसार अशा केंद्रांत सिम्युलेटर व स्वतंत्र चाचणीपथ असणे आवश्यक आहे. हलक्या वाहनांचा अभ्यासक्रम २९ तासांचा असून तो अधिकांत अधिक चार आठवड्यांत पुरा करावयाचा असतो. एवढ्या वेळात दाट धुके, फुटलेला टायर किंवा चेंडूमागे धावत आलेले मूल यांची गाठ पडेलच असे नाही, आणि पडू नये हेच बरे. पडद्यावर मात्र तोच प्रसंग दहा वेळा उभा करता येतो.

चित्र स्वस्त झाल्याने ते आपल्याकडच्या परिस्थितीचे करून घेणेही शक्य झाले आहे. परदेशातील आखीव, मोकळ्या मार्गावर सराव केलेल्यास आपल्या रस्त्यावरील गुरे, हातगाड्या, उलट दिशेने येणारी सायकल व घाटातील आंधळे वळण यांची कल्पना कशी येणार? नेमके हेच ज्यात वगळले असेल, ते चित्र कितीही सुंदर असले तरी उणे समजले पाहिजे.

मर्यादा

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. चित्रातील बारकावे वगळता येतात, पण तत्परता वगळता येत नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाची मोटार सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते. चाक फिरविल्यावर चित्र एक पंचमांश सेकंद उशिरा बदलले, तर तेवढ्यात मोटार तीन मीटरांहून अधिक पुढे गेलेली असेल. आणि शिकणाऱ्याचा हात त्या चुकीच्या उशिरालाच सरावेल. डोळ्यांना गती दिसते पण शरीरास ती जाणवत नाही, म्हणून काहींना मळमळते. सपाट पडद्यावर अंतराचा अंदाज फसतो, आणि धडकेनंतर कोणासही इजा होत नसल्याने काहींची भीती मोडते.

म्हणून या यंत्राने खऱ्या रस्त्याची जागा घ्यावी, अशी अपेक्षा धरणे योग्य नव्हे. शिक्षकाने प्रत्येक चुकीनंतर यंत्र थांबवावे, चूक कोठे झाली ते दाखवावे व तोच प्रसंग पुन्हा द्यावा. मग तो विद्यार्थी खऱ्या वाहनात बसेल, तेव्हा धावत आलेले मूल त्याने प्रथमच पाहिलेले नसेल, आणि त्याचा पाय वेळीच ब्रेकवर जाण्याचा संभव अधिक राहील.