श्वासाच्याच वाटेने

श्वासनलिकेतली गाठ दुर्बिणीने काढायची तर सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघांनाही एकाच अरुंद वाटेवर काम करावं लागतं. मी भूलतज्ज्ञ, झाशीच्या इलाइट चौराह्याच्या परिसरात असते.

परवाच्या काकू इथल्याच एका जुन्या मराठी घरातल्या. वर्षानुवर्षं दम्याचा पंप घेत होत्या, पण घरघर फक्त डावीकडे. दमा असा एका फुप्फुसापुरता राहत नाही. पंपाने न हटणारी एकतर्फी घरघर ऐकली की सीटी स्कॅन व्हायलाच हवा. काकूंचा फार उशिरा झाला, याचं मला वाईट वाटतं. डाव्या मुख्य नलिकेत देठ असलेली गाठ होती, आत चरबी. हॅमार्टोमा. कर्करोग नव्हे, तरी श्वास अडवायला पुरेशी.

"छाती फाडणार नाही ना गं?"

"नाही काकू, तोंडातूनच."

शिरेतून भुलीचं प्रोपोफॉल आणि स्नायू सैल करणारं औषध, मग स्वरयंत्रापलीकडे धातूची सरळ नळी. 1897 साली फ्रायबुर्गला गुस्ताव किलियन यांनी एका शेतकऱ्याच्या श्वासमार्गातून हाडाचा तुकडा काढला, तो अशाच सरळ नळीतून. शिगेतो इकेदांची 1966 ची लवचिक दुर्बीण आज आम्ही याच नळीतून आत सोडतो. नळीचं तोंड उघडं, त्यामुळे भुलीचा वायू टिकत नाही. बाजूच्या छिद्रातून ऑक्सिजनचे झोत देत श्वास चालवायचा.

कसोटी लागते ती गाठ कापायला वीज सोडण्याआधी. भरपूर ऑक्सिजनमध्ये ठिणगी पडली तर श्वासनलिकेतच आग लागते. म्हणून त्याचं प्रमाण 40 टक्क्यांखाली आणायचं आणि थांबायचं. मॉनिटरवरचा रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा उतरत जातो: 97, 94, 91. सर्जनचा पाय पेडलवर, कान माझ्याकडे. "आता," मी म्हणते. तारेचा फासा देठाभोवती आवळतो, काही सेकंद वीज, गाठ सुटते. लगेच मी ऑक्सिजन वाढवते.

सुटी गाठ चिमट्यातून निसटते. मग क्रायोप्रोब: कार्बन डायऑक्साइड टोकाशी प्रसरण पावतो, टोक गोठतं, गाठ त्याला चिकटून दुर्बिणीसकट बाहेर येते. गोठवण्यात आगीचं भय नाही. तेवढा वेळ मी काकूंना मनसोक्त ऑक्सिजन देते.

गाठीमागे साचलेला पू ओढून काढायला गाठीपेक्षा जास्त वेळ गेला. त्यानंतर डावी छाती उजवीबरोबर उचलू लागली. बुंध्यावर आर्गॉन प्लाझ्माचा हलका मारा, त्यासाठी पुन्हा ऑक्सिजन खाली. गाठ नलिकेच्या भिंतीबाहेर पसरलेली असती तर मात्र छाती उघडावीच लागली असती.

तुकडा फॉर्मेलिनमध्ये पॅथॉलॉजीला गेला. काही महिन्यांनी बुंध्याची जागा पुन्हा दुर्बिणीतून बघायची आहे.