ठाण्याबाहेरची माणसे

२६ मार्च १९७२ च्या रात्री देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. देसाईगंज तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होते, आज ते गडचिरोलीत आहे. मुलीचे वय चौदा ते सोळाच्या दरम्यान. आईवडील नाहीत, भावाजवळ राहणारी, दुसऱ्यांच्या घरी कामाला जाणारी. या खटल्याने भारतातला बलात्काराचा कायदा बदलायला लावला. म्हणून कायद्याच्या प्रत्येक पुस्तकात तो असतो आणि तीन न्यायालयांच्या तीन निकालांची चर्चा तिथे सविस्तर वाचायला मिळते. मला मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रातल्या घटनाक्रमाच्या परिच्छेदांबद्दल लिहायचे आहे. ठाण्याबाहेर त्या रात्री कोण होते आणि त्यांनी काय केले, हे त्या परिच्छेदांत नोंदलेले आहे, आणि त्याकडे फारसे कोणी थांबून पाहत नाही.

मुलगी जिथे कामाला जायची, त्या घरातल्या बाईच्या भाच्याशी तिचे मन जुळले होते. भावाला ते पसंत नव्हते. बहिणीला पळवून नेल्याची तक्रार त्याने ठाण्यात दिली, म्हणून त्या रात्री सगळ्यांना तिथे बोलावले गेले. जबाब झाले, हेड कॉन्स्टेबल घरी गेला, बाकीचेही निघाले. तेव्हा ठाण्यातल्या एका शिपायाने मुलीला थांबायला सांगितले आणि इतरांना बाहेर काढले. थोड्या वेळाने कामाच्या घरच्या बाईला संशय आला. दिवे मालवलेले, दार बंद. तिने मुलीला हाका मारल्या. आत दुसरा एक हेड कॉन्स्टेबल होता. त्याने बाहेर येऊन मुलगी निघून गेल्याचे सांगितले. बाई हटली नाही. बघता बघता लोक जमले. मुलगी बाहेर आली आणि काय झाले ते तिने त्या बाईला आणि भावाला तिथेच सांगितले.

तिला आधी डॉक्टरकडे नेले. डॉक्टरने ठाण्यात जाऊन तक्रार द्यायला सांगितले. म्हणजे जिथे अत्याचार झाला तिथेच परत जायचे. तोवर काही जणांनी घरी गेलेल्या हेड कॉन्स्टेबलला बोलावून आणले होते. जमाव चिडलेला होता, ठाणे पेटवून देण्याची भाषा चालली होती. हेड कॉन्स्टेबलने लोकांना शांत करून पांगवले आणि मुलीचा जबाब लिहून घेतला. त्याचीच प्रथम खबर झाली.

या क्रमातून एकेक माणूस काढून पाहावा. हाका मारणारी बाई नसती, तर मुलगी निघून गेल्याचे उत्तर कागदोपत्री खरे ठरले असते. भावाने आपलीच तक्रार पुढे करून बहिणीला दोष दिला असता, तर ती बोललीच नसती. लोक जमले नसते, तर पोलिसांविरुद्धची तक्रार पोलिसांनीच लिहून घेतली असती, असे मला वाटत नाही. कायद्याच्या पुस्तकात हा खटला कलमांपासून सुरू होतो. प्रत्यक्षात तो शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या हटून उभे राहण्यापासून सुरू झाला.

अंगावरच्या खुणा

पुढचे बहुतेकांना माहीत आहे. वैद्यकीय तपासणी झाली ती दुसऱ्या दिवशी रात्री आठ वाजता, जवळजवळ वीस तासांनी. अंगावर जखमा नाहीत आणि पूर्वी शरीरसंबंध आलेला असावा, असा अहवाल निघाला. १९७४ मध्ये सत्र न्यायालयाने मुलीला खोटारडी ठरवून दोन्ही पोलिसांना सोडले. १९७६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो निकाल फिरवला. भीतीने गप्प बसणे म्हणजे संमती नव्हे, हे त्या न्यायालयाला दिसले. एकाला पाच वर्षांची आणि दुसऱ्याला एक वर्षाची शिक्षा झाली. सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही निर्दोष सोडले. अंगावर खुणा नाहीत, म्हणजे प्रतिकार झाला नाही, असा त्याचा तर्क होता.

वर्षभराने, सप्टेंबर १९७९ मध्ये, उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि वसुधा धागमवार या चार कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. शरण जाणे आणि संमती देणे यांतला फरक न्यायालयाला कळला नाही, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. १९८० च्या आरंभी मुंबईत ‘फोरम अगेन्स्ट रेप’ हा गट उभा राहिला आणि ८ मार्चला अनेक शहरांत बाया रस्त्यावर आल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराला किमान दहा वर्षांची शिक्षा आली. अशा खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि संमती नव्हती असे स्त्रीने सांगितले, तर न्यायालयाने ते गृहीत धरावे, अशी तरतूद झाली. सुनावणी बंद दाराआड घेण्याचा नियम झाला आणि तिची ओळख छापणे गुन्हा ठरला.

ही शेवटची तरतूद लक्षात ठेवून मी या लेखात तिचे नाव लिहिलेले नाही. ते सर्वत्र छापलेले आहे, याची मला कल्पना आहे. निकालसंग्रहांत हा खटला ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ म्हणून नोंदलेला आहे. चळवळीने तो आरोपीच्या नावाने न ओळखता तिच्या नावाने ओळखला, आणि त्यामागची भावना आदराचीच होती. पण नाव घ्यायचे की नाही, हे तिला कोणी विचारले होते, असे दिसत नाही. साथ देणाऱ्यांनी विचारायच्या पहिल्या प्रश्नांपैकी तो एक आहे. राजस्थानातल्या भंवरी देवींनी उलट निर्णय घेतला. त्या स्वतःच्या नावानिशी, चेहरा न झाकता बोलल्या. दोन्ही निर्णय योग्य असू शकतात, फक्त ते जिचे तिने घ्यायचे असतात.

गाव फिरते तेव्हा

भंवरी देवी सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात ‘साथिन’ होत्या. बालविवाह थांबवण्याचे काम त्यांनी गावात केले. त्याचा राग धरून सप्टेंबर १९९२ मध्ये भटेरी गावातल्या पुरुषांनी त्यांच्यावर सामूहिक बलात्कार केला. वैद्यकीय तपासणीला दोन दिवसांहून अधिक वेळ लागला. गावाने बहिष्कार टाकला. १९९५ मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून मुक्त केले. पण जयपूरच्या आणि देशभरच्या स्त्री-संघटना मागे उभ्या राहिल्या. त्यातूनच ‘विशाखा’ प्रकरणाचा १९९७ चा निकाल आला आणि पुढे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा झाला.

भंवरी देवींचा नवरा त्यांच्या बाजूने उभा राहिला, गाव राहिले नाही. देसाईगंजला लोक उभे राहिले, डॉक्टर राहिला नाही. ‘समाज’ म्हणून एक सलग वस्तू कुठेच नसते. नवरा, शेजारीण, डॉक्टर, शिक्षिका, पोलीसपाटील, वार्ताहर अशी सुटी माणसे असतात आणि प्रत्येकाचे वागणे वेगळे मोजता येते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी सुमारे १४ टक्क्यांनीच कोणाची तरी मदत मागितल्याचे दिसते, आणि मागितली तीही सर्वांत जास्त माहेरच्यांकडे. पोलीस, डॉक्टर, वकील फार मागे राहतात. गुन्हे नोंदणीची दरवर्षीची आकडेवारी सांगते की, बलात्काराच्या दहापैकी नऊहून अधिक तक्रारींत आरोपी ओळखीचाच असतो. म्हणजे ज्या घरात ती सांगायला जाते, त्या घराच्या ओळखीतलाच तो बहुधा असतो. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण मग कानावर येते. ती मूठ कोणाची झाकली जाते, हे विचारायला हवे.

आपली भाषाही त्याला हातभार लावते. ‘अब्रू लुटली’, ‘इज्जत गेली’, ‘तोंड दाखवायला जागा राहिली नाही’. या सगळ्या वाक्प्रचारांत नुकसान तिचे आणि लाजही तिचीच. वर्तमानपत्रांनी वर्षानुवर्षे ‘अतिप्रसंग’ लिहून गुन्ह्याला एखाद्या गैरसोयीचे रूप दिले. चोरी झालेल्या घराची अब्रू गेली, असे आपण म्हणत नाही.

आज हाताशी काय आहे

गेल्या बारा-पंधरा वर्षांत कागदावर बरेच काही आले आहे. २०१३ पासून कोणत्याही सरकारी वा खासगी रुग्णालयाने अत्याचार झालेल्या व्यक्तीवर मोफत प्रथमोपचार आणि वैद्यकीय उपचार करणे बंधनकारक आहे. नकार हा गुन्हा आहे. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितांतही ही तरतूद आहे. उपचारासाठी आधी पोलिसांत जावे लागत नाही. रुग्णालयाने पोलिसांना कळवायचे असते, पण प्रौढ स्त्रीला तपासणी किंवा तक्रार नको असेल, तर तसे नोंदवून उपचार करता येतात. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शिकेत हे स्पष्ट आहे. त्या मार्गदर्शिकेमागे महाराष्ट्रातले काम मोठे आहे. ‘सेहत’ या संस्थेने २००० मध्ये मुंबई महापालिकेबरोबर वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र सुरू केले आणि पुढे पालिकेच्या रुग्णालयांत अत्याचारग्रस्तांच्या उपचारांची पद्धत बसवली. सेवाग्रामच्या वैद्यकीय संस्थेतले डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी अशा तपासण्यांच्या दुरवस्थेवर अहवाल लिहिला आणि तो प्रश्न नागपूर खंडपीठापुढे गेला. देसाईगंजच्या मुलीविरुद्ध वापरलेली दोन बोटांची चाचणी सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये चूक ठरवली. २०२२ मध्ये तर ती करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी ठरेल, असे बजावले.

वेळेचे गणित जवळच्यांना माहीत असावे. एचआयव्ही टाळण्याची औषधे ७२ तासांच्या आत सुरू करायची असतात, आणि जितकी लवकर तितकी चांगली. ती २८ दिवस घ्यायची असतात. गर्भधारणा टाळण्याची गोळीही जितक्या लवकर, तितकी उपयोगी. अंघोळ केली, कपडे धुतले म्हणून सगळे संपले, असे नाही. तरीही जायला हवे. कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत नकोत, वाळवून कागदात ठेवावेत. तक्रार कोणत्याही ठाण्यात देता येते, हद्दीचे कारण सांगून परत पाठवता येत नाही. जबाब स्त्री अधिकाऱ्याने घ्यायचा असतो आणि तक्रारीची प्रत मोफत मिळते. जिल्ह्यातल्या सखी वन स्टॉप सेंटरमध्ये तात्पुरता निवारा, समुपदेशन, कायद्याचा सल्ला एकत्र मिळतो. १८१ ही महिलांची, १०९८ ही मुलांची मदतवाहिनी. मनोधैर्य योजनेतल्या अर्थसाहाय्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जायचे. मूल अठराच्या आतले असेल, तर पॉक्सो कायद्याप्रमाणे माहिती असणाऱ्या कोणीही कळवणे बंधनकारक आहे. खटलाभर मुलाला साथ देण्यासाठी सहायक व्यक्ती नेमण्याची सोयही २०२० च्या नियमांत आहे.

पण या याद्या तिच्या हाती कोण देणार? ती बोलते तेव्हा समोर कायदा नसतो, एक माणूस असतो. त्या माणसाने पहिल्या पाच मिनिटांत काय करावे, हे अनुभवी समुपदेशक जवळपास सारखेच सांगतात. मध्ये न बोलता ऐकावे. ‘इतक्या रात्री तिथे का गेलीस’, ‘ओरडली का नाहीस’, ‘आधी का नाही सांगितलेस’ हे तिन्ही प्रश्न गिळावेत. भीतीने अंग गोठते, आवाज फुटत नाही, हे शरीराचे साधे वास्तव आहे. नागपूर खंडपीठाला ते १९७६ मध्येच समजले होते. ‘तुझी चूक नाही’ हे शब्दांत म्हणावे, ती समजून घेईल असे धरू नये. ‘तुला आत्ता काय हवे आहे’ असे विचारावे. तिच्या परवानगीशिवाय तिसऱ्याला सांगू नये, घरातल्या मोठ्यांनाही नाही. त्याच्याशीच लग्न लावून द्यायची गोष्ट कोणी काढली, तर तिथे ठामपणे आडवे यावे.

रागाचाही विचार करायला हवा. आपल्याकडे अशी बातमी आली की मेणबत्त्या निघतात, फाशीच्या घोषणा होतात. देसाईगंजच्या जमावालाही ठाणे पेटवायचे होते. त्या रागामुळेच तक्रार लिहिली गेली, हे मी वर म्हटले आहे. पण लोक त्याच रात्री पांगले आणि खटला त्यानंतर साडेसहा वर्षे चालला. त्या काळात ती मुलगी किती तारखांना गेली, गाडीभाडे कोणी दिले, बुडालेल्या रोजाचे काय झाले, सत्र न्यायालयाने खोटारडी ठरवल्यावर तिला कामावर कोणी ठेवले, यातले काहीही निकालपत्रांत नाही. आजही साथ लागते ती बहुतेक याच गोष्टींसाठी. तारखेला बरोबर जाणे, तेवढा वेळ तिची मुले सांभाळणे, वकिलाचे बोलणे तिच्या भाषेत समजावणे, हळदीकुंकवाला तिला आधीसारखेच बोलावणे, शाळेत तिच्या मुलीशेजारी आपल्या मुलीला बसू देणे. यासाठी संस्था काढावी लागत नाही. ठाण्याबाहेर हाका मारणाऱ्या बाईचीही कोणती संस्था नव्हती. ती दुसऱ्या दिवशीही, आणि त्यानंतरच्या प्रत्येक तारखेलाही लागते.