भाकरी, पालेभाजी, उसळ : पोटाला हवे ते आपल्याच ताटात

“गॅस झालाय”, “पित्त खवळलंय”, “पोट साफ होत नाही.” शिरूर असो की दौंड, ही वाक्ये घराघरांत ऐकू येतात. रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करणारे आपले बांधव, रेल्वेतले कामगार, उसाच्या फडातील मजूर, रात्री सगळ्यांना वाढून मग जेवणाऱ्या भगिनी या सर्वांची तक्रार सारखीच. सकाळी चहा-खारी, दुपारी वडापाव, रात्री उशिरा पोटभर भात. त्यावर दुकानातून स्वतःच आणलेली पित्ताची गोळी. हे चक्र वर्षानुवर्षे चालते. पोटाचे आरोग्य गोळीपेक्षा ताटावर जास्त अवलंबून असते, आणि पोटाला हवे असलेले ताट आपल्यासाठी नवीन नाही.

ताट कसे बदलले?

शिरूर-दौंड हा मूळचा कमी पावसाचा भाग. खरिपात बाजरी, रब्बीत ज्वारी, सोबत मटकी, हुलगा, हरभरा. बांधावरची तांदुळजा, घोळ, पाथरी अशी भाजी फुकट मिळे. आपल्या आई-आजीने त्यावरच संसार केला. पुढे कालव्याचे पाणी आले, ऊस वाढला, रेशनवर गहू-तांदूळ मिळू लागला. उपासमार कमी झाली, ही चांगलीच गोष्ट. पण त्याच काळात बाजरीची भाकरी आणि हुलग्याचे माडगे ही गरिबीची खूण ठरली. चार पैसे हाती आले की भाकरीऐवजी भात आणि मैद्याचा पाव आला. पाहुण्यांसमोर रानभाजी वाढायला संकोच वाटू लागला. गरिबी गेली पाहिजे हे खरे, पण तिच्याबरोबर चांगले धान्यही घराबाहेर गेले.

पोटात नेमके काय होते?

धान्याचा कोंडा, डाळीची साल, भाजीचे देठ यांत चोथा असतो. तो आपल्याला पचत नाही, म्हणूनच तो उपयोगाचा. तो पाणी धरून ठेवतो, त्यामुळे मळ मऊ राहतो आणि पुढे सरकतो. बद्धकोष्ठता आणि कुंथल्याने वाढणारी मूळव्याध यांना त्याने आळा बसतो. मोठ्या आतड्यातले उपयुक्त जिवाणू याच चोथ्यावर जगतात आणि आतड्याच्या अस्तराला पोसणारी द्रव्ये तयार करतात. चोथायुक्त आहाराने मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका कमी होतो आणि जेवणानंतर रक्तातील साखरही हळूहळू वाढते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला रोज किमान २५ ग्रॅम चोथा आणि ४०० ग्रॅम भाज्या-फळे हवीत. १०० ग्रॅम बाजरीत सुमारे ११ ग्रॅम, ज्वारीत सुमारे १० ग्रॅम चोथा असतो. पांढऱ्या तांदळात ३ ग्रॅमही नसतो. म्हणजे ज्वारी-बाजरीच्या दोन भाकऱ्यांतच दिवसाच्या गरजेचा जवळपास निम्मा चोथा मिळतो. वाटीभर उसळ, पालेभाजी आणि एक पेरू खाल्ला की उरलेला भरून निघतो.

पित्त आणि जळजळ यांची कारणे मात्र वेगळीही असतात. उशिरा जेवून लगेच आडवे होणे, तंबाखू-मिश्री, दारू आणि अंगदुखीच्या गोळ्या वारंवार घेणे. जठरातील अल्सर बहुतांशी तिखटाने होत नाही. एक विशिष्ट जिवाणू आणि वेदनाशामक गोळ्या ही त्याची मुख्य कारणे. हा जिवाणू शोधणाऱ्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना २००५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यामुळे दुखणे लांबले तर तपासणीच करावी. नुसता आहार बदलून भागणार नाही.

हे सोवळे नव्हे

“भाजीपाला जास्त खा” म्हटले की आपल्या समाजात शंका येते, आणि ती रास्त आहे. शाकाहार म्हणजे शुद्ध आणि मांसाहार म्हणजे हीन, ही उतरंड आपण भोगली आहे. देवदत्ताने भिक्खूंना मासे-मांस कायमचे वर्ज्य करावे अशी मागणी केली, तेव्हा तथागतांनी ती फेटाळली, अशी नोंद विनयपिटकात आहे. त्यांनी भर दिला तो भोजनातील मात्रेवर. अति खाऊन धापा टाकणाऱ्या कोसलराज प्रसेनजिताला त्यांनी मोजून खाण्याचा उपदेश केला आणि राजाची प्रकृती सुधारली, हे संयुत्त निकायात येते. आपणही ताटाचा विचार शुद्ध-अशुद्धतेने न करता आरोग्याने करावा.

विज्ञानही हेच सांगते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे ग्रामीण आरोग्याचे काम शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक येथे अनेक वर्षे चालू आहे. याच रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या ६ खेड्यांतील गर्भवती मातांचा अभ्यास केला. त्यात दोन गोष्टी दिसल्या. ज्या माता हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध वारंवार घेत, त्यांची बाळे जन्मतः अधिक वजनाची होती. आणि सुमारे दोन तृतीयांश मातांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी होते.

हे बी-१२ भाजी-धान्यातून मिळत नाही. ते अंडी, मासे, मटण, कलेजी आणि दुधातून मिळते. ते कमी पडले की थकवा, हातापायांना मुंग्या, जीभ लाल होणे, विसरभोळेपणा असा त्रास होतो. अन्नातील बी-१२ शोषले जाण्यासाठी जठरातले आम्ल लागते. म्हणून ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोलसारख्या पित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेणाऱ्यांना ही कमतरता जास्त संभवते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनाही ती जास्त संभवते. त्यांनी डॉक्टरांना विचारून बी-१२ तपासून घ्यावे. गोळ्या मनाने बंद करू नयेत.

तेव्हा ताटाचा मोठा भाग धान्य, डाळ, भाजीचा असावा आणि कडेला अंडे किंवा मासा. उजनीच्या पाण्यातली भिगवणची चिलापी दौंडकरांना जवळच मिळते. सुकट-बोंबील धुऊन घ्यावेत, म्हणजे मीठ कमी होते.

एका दिवसाचे ताट

- सकाळी : रात्रीची भाकरी दुधात किंवा ताकात कुस्करून, अथवा उकडलेले अंडे आणि केळे. रिकाम्या पोटी नुसता चहा नको.
- डब्यात : दोन भाकऱ्या, मोड आलेल्या मटकीची उसळ, पालेभाजी, कांदा-काकडी. कारखान्यात वडापाव घ्यावा लागला तरी खिशात पेरू किंवा मूठभर फुटाणे असू द्यावेत.
- रात्री : भाकरी, डाळ, भाजी, थोडा भात. झोपण्याआधी किमान दोन तास जेवण आटपावे. रात्रपाळी असेल तर मुख्य जेवण कामावर जाण्यापूर्वी करावे.

चोथा एकदम वाढवला तर पोट फुगते. दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवावा, पाणी भरपूर प्यावे. कडधान्य भिजवून, मोड आणून, नीट शिजवले की गॅस कमी होतो. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच बदल करावा.

दवाखाना गाठा

शौचातून रक्त किंवा डांबरासारखा काळा मळ, कारण नसताना घटणारे वजन, गिळताना अडकणे, वारंवार उलट्या, चाळिशीनंतर अचानक बदललेली शौचाची सवय, यांपैकी काहीही दिसले तर घरगुती उपाय करत बसू नये. ग्रामीण रुग्णालय किंवा जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. लाजेपायी उशीर केल्याने साधा आजारही जिवावर बेततो.

वर्षावासात आपल्या विहारांत ग्रंथवाचनानंतर अल्पोपाहार असतो. यंदा फरसाण-बिस्किटांऐवजी उकडलेले हरभरे, मोडाची मटकी, पेरू ठेवून पाहावे. खर्च फारसा वाढणार नाही. आणि जी भाकरी-भाजी आपण गरिबीची म्हणून लपवली, ती सर्वांसमोर, संकोच न ठेवता खाल्ली जाईल.