हात गेल्यावरचे अनुदान

दसऱ्याच्या आगेमागे अहमदपूरच्या परिसरात राशी सुरू होतात. नांदेड-लातूर रस्त्याने एस.टी.तून जाताना दोन्ही बाजूंना सोयाबीनच्या बनिमी दिसतात. त्यांवर ताडपत्र्या ओढलेल्या असतात आणि मधूनच ट्रॅक्टरला जोडलेले एखादे मळणी यंत्र भुसकटाचा धुरळा उडवीत असते. वर्षभराच्या कष्टाचे मोल या पंधरा-वीस दिवसांत पोत्यांत भरले जाते. याच दिवसांत वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार-सहा ओळींची बातमीही येते. मळणी यंत्रात पदर अडकून महिला ठार. मळणी यंत्रात हात जाऊन तरुण जखमी. आपण 'अरेरे' म्हणतो आणि पान उलटतो. मीही तेच करीत असे. एका अंगठ्याने मला थांबविले.

गोष्ट १९९९ सालची. तेव्हा मी याच भागातल्या एका बँकेच्या शाखेत अधिकारी होतो. दिवाळीनंतरच्या एका बाजाराच्या दिवशी चाळिशीची एक बाई पैसे काढायला आली. खाते अंगठ्याचे होते. पुरुषाचा डावा आणि बाईचा उजवा अंगठा घ्यायचा, अशी आमच्याकडे रीत. कारकुनाने शाईचे पॅड पुढे सरकविले. बाई हलेना. मागे रांग वाढत होती. कारकून जरा चढ्या आवाजात म्हणाला, "बाई, अंगठा द्या की लवकर." तिने पदराखालचा हात बाहेर काढला. कोपराच्या खाली काही नव्हते.

"उजवा न्हाई राहिला, सायेब. डावा चालंल का?"

दोन साक्षीदार घेतले, डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला, खात्यावर तशी नोंद केली. काम झाले. ती निघाली तेव्हा मी विचारले, "मावशी, कुठं झालं हे?" तिने गाव सांगितले, यंत्राच्या मालकाचे नाव सांगितले. वर म्हणाली, "मालक चांगला हाय, सायेब. दवाखान्याचा खरच त्यानंच केला." ते नाव माझ्या ओळखीचे होते. ते यंत्र आमच्याच शाखेच्या कर्जातून आले होते.

संध्याकाळी मी ती फाइल काढली. सगळे कागद जागच्या जागी होते. विक्रेत्याचे कोटेशन होते, कर्जदाराने स्वतःची रक्कम भरल्याची पावती होती, नजरगहाणाचा दस्त होता, यंत्राच्या विम्याची पॉलिसी होती. आणि माझ्या हस्ताक्षरातला पाहणी अहवाल होता : 'यंत्र समक्ष पाहिले. चालू स्थितीत आहे.' खाली माझी सही. यंत्राला आग लागली, ते मोडले, चोरीला गेले, तर बँकेचे पैसे बुडू नयेत याची आम्ही पुरती काळजी घेतली होती. त्या यंत्राच्या तोंडाशी उभ्या राहणाऱ्या माणसाबद्दल फाइलमध्ये एक ओळही नव्हती.

पूर्वी खळे असे. मधोमध तिवडा रोवून त्याभोवती बैलांची पात फिरवीत, मग वारा पाहून वावडीवर उभे राहून उपणीत. काम आठवडेच्या आठवडे चाले. एखाद्याच्या पायावर बैलाचा पाय पडे आणि तो दोन दिवस लंगडे, पण हात जात नसे. यंत्राने आठवड्याचे काम काही तासांवर आणले. त्याचे उपकार नाकारण्यात अर्थ नाही. पीक कापून पडलेले असताना परतीचा पाऊस आला तर दाण्याला मोड येतात, डाग लागतो, बाजारात भाव पडतो. त्यामुळे रास लवकर उरकणे ही चैन नाही, गरज आहे.

पण यंत्राचा वेग माणसाच्या अंगाला ठाऊक नसतो. ट्रॅक्टरच्या मागचा दांडा, ज्याच्यावर मळणी यंत्र चालते, तो साधारणपणे मिनिटाला ५४० फेरे घेतो. म्हणजे सेकंदाला ९. पदराचे टोक त्याला लागले, हे बाईच्या ध्यानात येऊन ती मागे सरेपर्यंत अर्धा सेकंद जरी गेला, तरी लुगड्याला चार वेढे पडलेले असतात. तोंडाशी पेंढ्या लावणाऱ्याचेही तसेच. आतला ड्रम काड ओढून घेतो आणि काडासोबत मूठही ओढली जाते. मूठ सोडायला सवड मिळत नाही.

यावर उपाय अवघड नाही, महागही नाही. यंत्राच्या तोंडाशी पत्र्याची जी पन्हळ असते ती पुरेशी लांब हवी आणि तिचा आतल्या बाजूचा भाग वरून झाकलेला हवा. मळणी यंत्रांच्या सुरक्षिततेसाठी भारतीय मानक १९७९ सालीच निघाले. त्यात या पन्हळीची लांबी किमान ९० सेंटिमीटर आणि त्यातला झाकलेला भाग किमान ४५ सेंटिमीटर असावा, असे सांगितले आहे. हेतू इतकाच, की पेंढी लोटताना माणसाची बोटे ड्रमपर्यंत पोहोचूच नयेत. फिरत्या दांड्यावर एक नळकांडे बसविले की पदर गुंडाळला जाण्याचा धोकाही पुष्कळ टळतो.

पुढे १९८३ साली संसदेने धोकादायक यंत्रांविषयी स्वतंत्र कायदा केला आणि त्यात मळणी यंत्राचा नावानिशी समावेश केला. उत्पादकाला परवाना, यंत्रावर संरक्षक भाग आणि जखमी होणाऱ्याला भरपाई, असे सगळे त्यात होते. मी बँकेत लागलो त्याच सुमाराचा हा कायदा. त्या संध्याकाळपर्यंत मी त्याचे नावही ऐकले नव्हते. मी अनेक मळणी यंत्रांना कर्जे दिली होती.

मग हे झाकण असते तरी कुठे? पुष्कळदा ते नव्या यंत्राबरोबर येते आणि पहिल्याच हंगामात काढून टाकले जाते. झाकणाखालून मोठी पेंढी जात नाही, काम मंदावते. यंत्रवाल्याला पैसे पोत्यामागे मिळतात आणि पुढच्या शेतातला माणूस बांधावर येऊन उभा असतो. मजुरांचेही गुत्ते असते. आभाळ भरून आलेले असते. रात्री ट्रॅक्टरच्या दिव्यावर काम चालू राहते. अपघात झाला की आपण म्हणतो, लक्ष नव्हते, नाही तर प्यायला असेल. दिल्लीच्या आयआयटीतील दिवंगत प्राध्यापक दिनेश मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरियाणाच्या खेड्यांतून शेतीकामातल्या दुखापतींचा अभ्यास केला होता. त्यांची विचाराची दिशा वेगळी होती. माणूस थकणार, चुकणार, हे धरूनच यंत्र घडवावे, असे ते सांगत. दमलेल्या माणसाला 'लक्ष ठेव' म्हणून सांगणे स्वस्त पडते, एवढेच.

आता शासनाच्या पैशाकडे वळू. शासन पैसे देत नाही, असे म्हणता येणार नाही. २०१४-१५ पासून कृषी यांत्रिकीकरणाच्या केंद्रीय अभियानातून यंत्राच्या किमतीच्या ४० ते ५० टक्के अनुदान, ठरावीक मर्यादेत, मिळू लागले. यंत्र तपासणी संस्थेकडून उत्तीर्ण झालेले असावे अशी त्यात अट असते, आणि कृषी खात्याचा माणूस खरेदीनंतर शेतावर येऊन मोका तपासणी करतो. दुसरीकडे अपघातानंतरची मदत आहे. २००५-०६ पासून राज्यात शेतकऱ्यांसाठी अपघात विमा होता. पुढे त्याला गोपीनाथ मुंडे यांचे नाव दिले गेले आणि २०२३ साली विमा कंपन्यांना बाजूला सारून शासनाने ती थेट सानुग्रह अनुदानाची योजना केली. मृत्यू झाल्यास किंवा दोन अवयव गेल्यास २ लाख रुपये, एक हात, एक पाय किंवा एक डोळा गेल्यास १ लाख.

म्हणजे यंत्र घेताना पैसे आहेत आणि हात गेल्यावरही आहेत. हात जाऊ नये म्हणून जे झाकण लागते, त्याच्यासाठी मात्र शासनाच्या पैशाचा वेगळा कप्पा नाही. शिवाय सानुग्रह अनुदान हे सातबारावर नाव असलेल्या शेतकऱ्याला आणि त्याच्या कुटुंबातल्या आणखी एका व्यक्तीला मिळते. यंत्राच्या तोंडाशी मात्र पुष्कळदा ज्याच्या नावावर गुंठाही नाही असा मजूर उभा असतो. माझ्या शाखेत आलेली बाई भूमिहीन होती. ती आज जखमी झाली असती तरी या योजनेत बसली नसती.

बांधकामाच्या क्षेत्रात निराळी वाट निघाली, हे इथे आठवते. १९९६ च्या कायद्यांनी बांधकामाच्या खर्चावर उपकर बसविला, त्याचा दर १ टक्का ठरला, आणि त्या पैशातून महाराष्ट्रातल्या कल्याणकारी मंडळाने नोंदणी झालेल्या मजुरांना सुरक्षा संच दिले. त्याच्या वाटपाबद्दल तक्रारी असतील, पण अपघाताच्या आधी खर्च करायचा, ही कल्पना तरी मान्य झाली. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्याने शेतीत हेच केले. ट्रॅक्टर उलटून शेतकरी दगावत, म्हणून २००६ पासून जुन्या ट्रॅक्टरवर संरक्षक कमान बसविण्याचा ७० टक्के खर्च, ठरावीक मर्यादेपर्यंत, परत देण्याची योजना तिथे सुरू झाली. मोठा कारखाना काढायचा नव्हता. शेतकऱ्याच्या दारात असलेल्या जुन्या यंत्राला एक लोखंडी भाग जोडायचा होता.

आपल्याकडे हे अशक्य का असावे? मोका तपासणीच्या नमुन्यात दोन ओळी वाढवता येतील : पन्हळीचे झाकण बसविले आहे काय, दांड्यावर आवरण आहे काय. अनुदानाचा थोडा हिस्सा राखून ठेवून दुसऱ्या हंगामात झाकण जागेवर दिसल्यावरच तो देता येईल. जुन्या यंत्रांसाठी गावातल्या वेल्डिंगवाल्याच्या बिलाची बहुतेक रक्कम परत देणारी छोटी योजना काढता येईल. एका हातासाठी जो १ लाख ठेवला आहे, त्यात अशी कितीतरी झाकणे बसतील. आणि सानुग्रह अनुदानात मजुराचे नाव घालता येईल.

तोपर्यंत घरच्या माणसांनी करण्यासारखेही थोडे आहे. राशीच्या दिवशी मालकाला झाकणाबद्दल विचारावे. विचारायला लाज वाटू नये. बायकांनी लुगड्यावर अंगाबरोबरचा सदरा घालून पदर आत खोचावा, गड्यांनी गळ्यातला रुमाल काढून ठेवावा, पोरांना यंत्राजवळ फिरकू देऊ नये. बँकेत खाते असलेल्या १८ ते ७० वयाच्या कोणालाही वर्षाला २० रुपयांत प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत भाग घेता येतो. त्याला सातबारा लागत नाही. मे महिन्याच्या अखेरीस खात्यात तेवढे पैसे शिल्लक ठेवावेत आणि आपल्याकडे कामाला येणाऱ्या मजुरालाही ते सांगावे. विम्याने हात परत येत नाही, पण सगळेच मालकाच्या चांगुलपणावर टाकावे लागत नाही.

ती बाई नंतरही दोन-तीन वर्षे शाखेत येत असे. डाव्या अंगठ्याची तिला सवय झाली होती. मी मळणी यंत्राच्या पाहणीला गेलो की आधी वाकून तोंडाकडे पाहू लागलो आणि झाकण नसेल तर ते बसवून घेतल्याशिवाय अहवालावर सही करीनासा झालो. वरिष्ठांनी एकदा विचारले, कुठल्या परिपत्रकात आहे हे? तसे परिपत्रक नव्हते. कर्जदार कुरकुरत, पण दोन दिवसांत झाकण बसवून परत येत. बिल फारसे होत नसे.